चांद्याचा तट आणि पुराचे गणित

ईरई आणि झरपट या दोन नद्यांच्या संगमाशी वसलेले चांदा शहर ज्यांनी पाहिले आहे, त्यांस तेथील दगडी तटाचे वर्णन सांगावयास नको. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने त्याचा पाया घातला व पुढील राजांच्या कारकीर्दीत तो पुरा झाला, असे परंपरा सांगते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचा घेर साडेपाच मैल दिला आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, एवढ्याच त्याच्या मूळ वाटा. १८१८ साली इंग्रजी तोफांनी हा तट फोडला आणि त्याचे लष्करी महत्त्व संपले. १९६४ साली शहराचे नावही चंद्रपूर झाले. परंतु चांद्याचा दुसरा शत्रू, जो दर पावसाळ्यात वेशीशी येतो, तो काही हटला नाही. लढायांच्या इतिहासात ज्यास स्थान मिळत नाही, अशा या शत्रूचा विचार आम्ही येथे करणार आहो.

ईरई शहराच्या खाली वर्धा नदीस मिळते. वर्धेस मोठा पूर आला म्हणजे ईरईच्या पाण्यास पुढे वाव राहत नाही. ते तुंबते आणि उलट शहराकडे पसरू लागते. म्हणूनच चांद्यात पाऊस उघडला असताही पाणी चढत राहण्याचा चमत्कार घडतो. मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ साली मांडलेल्या सूत्राने त्याचा उलगडा होतो. प्रवाहाचा वेग पाण्याच्या उताराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो; उतार चौथाईवर आला की वेग निम्मा होतो. तेवढेच पाणी निम्म्या वेगाने जावयाचे, तर त्यास अधिक जागा हवी, आणि ती जागा म्हणजे काठची घरे. पात्रात झुडपे माजली किंवा गाळ साचला, तरी फळ तेच. १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागडाशी पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती एकत्र येतात. तेथेही मोठ्या नदीने वाट अडविली की लहान नदी गावात शिरते.

वाहत्या पाण्याची मूळ समीकरणे सेंट व्हेनां या फ्रेंच पंडिताने १८७१ सालीच मांडली होती. परंतु गल्लीबोळांच्या शहरास ती लावावयाची, तर माणसाचे आयुष्य पुरले नसते. आता गणकयंत्र ते काम करते. सारी भूमी लहान चौकोनांत विभागावयाची, प्रत्येकाची उंची नोंदावयाची, आणि कोणत्या क्षणी कोणत्या चौकोनातून शेजारी किती पाणी जाईल हे मोजीत जावयाचे. येथे आमच्या तटाची गंमत आहे. चौकोन मोठे घेतले, तर तटाची उंची आसपासच्या जमिनीच्या सरासरीत विरून जाते आणि कागदावर पूर भिंतीतून आरपार जातो. म्हणून तट स्वतंत्र रेषेने दाखवावा लागतो. दरवाजेही वेगळे मांडावे लागतात, कारण पाणी आत येते ते तेथूनच. शिवाय बाहेरचे पाणी अडविणारी भिंत आतले पावसाचे पाणीही अडविते, हे विसरून चालत नाही.

या गणितातून ज्या रेषा निघतात, त्यांवर माणसांचे संसार अवलंबून असतात. महाराष्ट्रात निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे आहेत. त्यांचा अर्थ दर वर्षी पंचविसात एक संभव, एवढाच. तीस वर्षांच्या कर्जावर निळ्या रेषेवर घर घेणाऱ्यास त्या मुदतीत निदान एकदा पूर पाहावा लागण्याचा संभव शेकडा सत्तर आहे. लाल रेषेवरही तो शेकडा सव्वीस उरतो. २०१३ व २०२२ सालच्या पुरांत ईरईकाठच्या रहमतनगरासारख्या वस्त्यांस याचा कडू अनुभव आला. स्वस्त जमीन नदीकाठीच मिळते, म्हणून गरीब तेथे जातो. त्यास दोष देणे अन्याय्य होय.

गोंड राजांपाशी समीकरणे नव्हती, पण शहर कोठवर आणि नदी कोठवर, ही मर्यादा त्यांच्या दगडांनी सर्वांस दाखविली होती. आमची मर्यादा नकाशात असते आणि नकाशा कचेरीत असतो. तो घर घेण्यापूर्वी सामान्य गृहस्थाच्या हाती पडेल, तेव्हाच या विद्येचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.