ठाऊक नसलेल्या इतिहासाचे गुरुजी

मागल्या दिवाळीची गोष्ट. गोसीखुर्दच्या धरणाचे पाणी संध्याकाळच्या उन्हात चमकत होते. शेजारच्या आठवीतल्या मुलाला घेऊन मी काठावर गेलो होतो. पाण्याकडे बोट दाखवून त्याने विचारले, "गुरुजी, आपलं बुडालेलं गाव किती जुनं होतं जी?"

तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपतची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. पण ज्या गावात माझी नाळ पुरली, त्याचे वय मला सांगता येईना. आमच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष निघाले, तेव्हा वैनगंगेच्या या काठी दोन हजार वर्षांपूर्वीही वस्ती होती, एवढेच मी त्याला सांगितले. पोर गप्प झाले; मी मात्र मनातून खजील झालो.

त्या रात्री मला फादर हेन्री हेरास आठवले. १८८८ साली बार्सिलोनात जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १९२२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवायला आला. कोणता इतिहास शिकवणार, असे प्राचार्यांनी विचारताच त्यांनी भारताचा, असे उत्तर दिले म्हणतात. त्याविषयी आपणांस काय ठाऊक आहे? काहीच नाही. मग शिकवणार कसे? अभ्यास करून! वाचकहो, आपले अज्ञान इतक्या सहजपणे कबूल करणारा प्राध्यापक विरळाच.

आणि हे बोलणे नुसते बोलणे ठरले नाही. अवघ्या पाच वर्षांत, १९२७ साली, विजयनगरच्या आरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी पल्लवांवर लिहिले. त्याआधीच, १९२६ मध्ये, महाविद्यालयातच त्यांनी भारतीय इतिहास संशोधन संस्था उभारली होती. तेथे त्यांनी पुस्तके, नाणी, मूर्ती जमवल्या. विद्यार्थ्यांना घेऊन ते जुनी स्थळे हिंडले. गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांचा इतिहास त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर फादरांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची लिपी आपण वाचली, अशी त्यांची श्रद्धा होती. ती भाषा द्राविडी कुळातली, असे ते मानीत. १९५३ साली त्यावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. पण विद्वानांनी ते वाचन मान्य केले नाही. ती लिपी आजही अबोलच आहे. तरी माशाच्या चिन्हाचा उच्चार 'मीन' असावा आणि द्राविडी भाषांत त्याच शब्दाचा अर्थ ताराही होतो, ही त्यांची सूचना पुढच्या संशोधकांनी उचलून धरली. म्हणजे निष्कर्ष टिकला नाही, तरी वाट मोडली नाही.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. त्यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८१ मध्ये भारताच्या डाक खात्याने त्यांचे तिकीट काढले. पण मला त्यांचे खरे स्मारक निराळे वाटते. 'मला ठाऊक नाही' या वाक्यापुढे त्यांनी पूर्णविराम दिला नाही.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी त्या पोराला हाक मारली. एक कोरी वही घेतली आणि आम्ही दोघे पुनर्वसनातल्या एका म्हाताऱ्या काकूंच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांनी आम्हांस चिवडा-करंज्या वाढल्या आणि मग एकेक नाव सांगू लागल्या: कुठल्या शेताला काय म्हणत, कुठल्या आंब्याखाली पोळ्याचे बैल उभे राहत, विहीर कोणी खोदली. सांगता सांगता मध्येच त्यांनी पदराने डोळे पुसले. पोराची लेखणी मात्र थांबली नाही.

गावाचे वय अजून निघालेले नाही. वहीची चाळीस पाने मात्र भरली आहेत.