अफूचा उतारा : मॉर्फीनपासून नॅलॉक्झोनपर्यंत

विषावर उतारा शोधावयाचा तर ते विष शरीरात नेमके काय करते हे आधी कळले पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अफूच्या बाबतीत इतिहासाचा क्रम नेमका उलटा आहे. मॉर्फीनवरील खात्रीचा उतारा १९६१ साली तयार झाला. १९७१ साली अमेरिकेत त्याच्या वापरास शासकीय संमती मिळाली. आणि मॉर्फीन शरीरातील पेशींवर कोठे जाऊन बसते याचा पुरावा १९७३ साली, तोही त्याच उताऱ्याच्या साहाय्याने, हाती आला. हा उतारा कोणी उतारा म्हणून शोधीत नव्हते, ही त्याहून विलक्षण गोष्ट होय.

जर्मन औषधशाळेत काम करणाऱ्या फ्रीडरिख सर्ट्युर्नरने अफूतून तिचे सारद्रव्य वेगळे काढले आणि निद्रादेवतेच्या नावावरून त्यास नाव दिले. १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात त्याने स्वतःवर व तीन तरुणांवर केलेल्या प्रयोगाची हकीकत दिली आहे. अर्धा अर्धा ग्रेन मॉर्फीन सुमारे पाऊण तासाच्या अवधीत तीन वेळा घेण्यात आले. अखेरीस चौघेही ग्लानीत गेले, तेव्हा सर्ट्युर्नरने घाईने तीव्र शिरका पाजून सर्वांना वांती करविली. म्हणजे औषधाची ओळख आणि त्याच्या अतिमात्रेवरील पहिला उपचार एकाच निबंधात नोंदले गेले.

पुढील शंभर वर्षांत या उपचारात मूलभूत भर अशी फारशी पडली नाही. जठर धुऊन काढण्याची नळी आली. १८९४ साली न्यूयॉर्कच्या विल्यम मूर यांनी सहकाऱ्यांसमक्ष मॉर्फीन गिळून लगेच पोटॅशियम परमँगनेट घेतले आणि काही अपाय होत नाही हे दाखविले. परंतु हे सारे उपाय विष पोटात असेपर्यंतचे. १८५३ नंतर अलेक्झांडर वुड व शार्ल प्राव्हाझ यांच्या पोकळ सुईचा प्रसार होऊन मॉर्फीन थेट त्वचेखाली जाऊ लागले होते. तेथे परमँगनेट काय करणार? मग उरे ती जागे ठेवण्याची धडपड : दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून रुग्णास रात्रभर चालविणे, ओल्या फडक्याचे फटके, काळी कॉफी, विजेचे झटके. मॉर्फीनने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि ॲट्रोपीनने ती विस्फारते, एवढ्या विरोधावरून ॲट्रोपीनलाही मॉर्फीनचे प्रतिविष ठरविण्यात आले होते व त्यावर दशकानुदशके वाद चालला. या सर्व उपचारांच्या मुळाशी एकच चूक होती. डोळ्यांना दिसते ती झोप. म्हणून वैद्यकाने झोपेशी झुंज घेतली. अफूने माणूस मरतो तो झोपेने नव्हे, श्वास मंदावून थांबल्याने.

हा प्रश्न केवळ रुग्णालयांचा होता असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत, आणि मूल दिवसभर निपचित पडून राही. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालात या प्रथेची दखल घेतलेली आहे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत निद्रा आणि मृत्यू यांमधील अंतर किती थोडे असते, हे सांगावयास नको.

इतिहासाचे खरे वळण १९१५ सालचे, आणि ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्ह्रोत्स्वाफ) येथील युलिउस पोल यांनी कोडीनच्या रेणूतील नत्रावर असलेला मेथिल गट काढून त्या जागी ॲलिल गट बसविलेले एक द्रव्य प्राण्यांना देऊन पाहिले. मॉर्फीनने श्वास मंदावलेले प्राणी त्या द्रव्याने पुन्हा नीट श्वास घेऊ लागले. श्वसनाला चेतविणारी औषधे पूर्वीही होती. पण मॉर्फीनचाच परिणाम पुसून टाकणारे द्रव्य प्रथमच दिसले होते. पोल यांचा निबंध छापला गेला आणि सुमारे पंचवीस वर्षे पडून राहिला. महायुद्ध हे त्याचे एक कारण म्हणता येईल, परंतु ते पुरेसे नाही. त्या काळातील औषधशास्त्राचा प्रश्नच निराळा होता : वेदना शमवील पण व्यसन लावणार नाही असे मॉर्फीन कसे मिळवावे? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९२९ साली स्थापिलेली समितीही याच शोधात होती. विचारलेल्या प्रश्नाच्या चौकटीत न बसणारे उत्तर समोर असूनही दिसत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण औषधशास्त्रात क्वचितच सापडेल.

१९४०च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मॅकॉले व हार्ट यांनी पोल यांचा धागा पुन्हा उचलला. पण त्यांचा हेतूही श्वास न मंदावणारे वेदनाशामक मिळविण्याचा होता. मर्क कंपनीच्या वायलार्ड व एरिक्सन यांनी १९४२ साली मॉर्फीनच्याच रेणूत ॲलिल गट बसवून नॅलॉर्फिन तयार केले आणि १९४३ साली क्लाउस उना यांनी त्याचा मॉर्फीनविरोधी गुण प्राण्यांवर सिद्ध केला.

याच सुमारास युद्धभूमीवर काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकन सैनिकांसाठी अर्धा ग्रेन मॉर्फीन भरलेल्या, सुईसकट मिळणाऱ्या लहान नळ्या होत्या. जखमी सैनिक थंडीने व रक्तस्रावाने गारठलेला असे. त्वचेखालील रक्ताभिसरण जवळजवळ थांबलेले. टोचलेले मॉर्फीन तेथेच साचून राही, वेदना कमी होत नसे, म्हणून दुसरी नळी, कधी तिसरी टोचली जाई. पुढे रुग्णालयात त्यास ऊब व रक्त मिळून अभिसरण सुरू झाले की साचलेले सारे मॉर्फीन एकदम रक्तात उतरे. हेन्री बीचर यांनी १९४४ साली या ‘विलंबित विषबाधे’चे वर्णन केले. उतारा प्रयोगशाळेत तयार होता. सैनिकापर्यंत तो पोहोचला नाही. अतिमात्रा झालेल्या माणसांवर नॅलॉर्फिनचा उपयोग केल्याची एकेनहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांची नोंद १९५१ सालची आहे.

नॅलॉर्फिन हे निर्भेळ प्रतिविष नव्हते. मॉर्फीन शरीरात असेल तर ते त्याला हटवी, नसेल तर स्वतःच थोडाफार मॉर्फीनसारखा परिणाम करी. बेशुद्धी झोपेच्या बार्बिट्युरेट औषधांनी आली असेल तर श्वास आणखी खाली जाई. १९५४ साली लासान्या व बीचर यांना ते एकटेही शस्त्रक्रियेनंतरची वेदना शमविते असे आढळले, पण रुग्णांना भीतिदायक भास होऊ लागले. लेक्सिंग्टन येथील संशोधकांनी १९५३ साली दाखविले की व्यसनी माणसास ते टोचताच त्याची व्यसन तुटल्याची यातना तत्काळ सुरू होते. या गुणाचा उपयोग कोणी करावा? १९५६च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे संशयितास नॅलॉर्फिन टोचून त्याच्या बाहुलीचे माप घेतले जाऊ लागले. बाहुली विस्फारली तर तो अफूवर्गीय द्रव्य घेतो असे ठरे. प्राण वाचविणारे औषध पोलिसांच्या परीक्षेचे साधन झाले, आणि तेही शोधानंतर अवघ्या दीड दशकात.

झोपेच्या औषधांच्या विषबाधेत तर उताराच नव्हता. तेथे कोपनहेगनच्या क्लेमेसेन व निल्सन यांनी १९४९च्या सुमारास उत्तेजक औषधे साफ सोडून दिली आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे व रक्ताभिसरण सांभाळणे एवढ्यावरच भर दिला; मृत्यूंचे प्रमाण पूर्वीच्या कितीतरी खाली आले. झोपेशी झुंज न घेता श्वास राखावा, हे तेथे शुश्रूषेनेच सिद्ध केले.

नॅलॉक्झोन न्यूयॉर्कमधील एका लहान खासगी प्रयोगशाळेत मोझेस लेवेनस्टाइन व जॅक फिशमन यांनी तयार केले. पोल यांचाच ॲलिल गट, या वेळी ऑक्सिमॉर्फोनच्या रेणूवर. हॅरोल्ड ब्लूमबर्ग यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांत ते नॅलॉर्फिनहून कितीतरी प्रभावी ठरले. पण त्याचे खरे मोल प्रभावात नाही. शरीरात अफूवर्गीय द्रव्य नसेल तर नॅलॉक्झोन जवळजवळ काहीच करीत नाही. रस्त्यावर बेशुद्ध सापडलेल्या माणसाने काय घेतले हे कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी चुकले तरी अपाय न करणारे औषधच उपयोगी. मर्यादा त्यालाही आहेत. त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, मेथॅडोनसारखे द्रव्य त्याहून पुष्कळ टिकते, आणि सावध झालेला रुग्ण पुन्हा बुडू शकतो. शस्त्रक्रियेनंतर मात्रा अधिक पडली तर श्वासाबरोबर शमलेली वेदनाही परत येते, कारण दोन्हींचे ठिकाण एकच.

ते ठिकाण दाखविले तेही नॅलॉक्झोननेच. १९७३ साली पर्ट व स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण केलेले नॅलॉक्झोन मेंदूच्या ऊतींत नेमके कोठे चिकटते हे मोजले. १९७५ साली ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच निर्माण होणारी मॉर्फीनसदृश द्रव्ये शोधली, आणि त्यांची ओळख पटविण्याची कसोटी होती ती नॅलॉक्झोनने त्यांचा परिणाम थांबतो ही.

१९९६ साली शिकागोतील एका संघटनेने ही सुई डॉक्टरांच्या हातून काढून व्यसनी माणसांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या हाती दिली. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने, अतिमात्रा पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येण्याचा संभव आहे अशा सामान्य लोकांनाही नॅलॉक्झोन मिळावे अशी शिफारस केली. नाकात फवारण्याचे नॅलॉक्झोन अमेरिकेत २०१५ साली संमत झाले आणि मार्च २०२३ मध्ये ते चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. लेवेनस्टाइन यांचा मृत्यू १९६६ सालीच, औषधास संमती मिळण्यापूर्वी, झाला होता. फिशमन २०१३च्या डिसेंबरात वारले.