बोलक्या भिंती आणि पापनिवेदनाची गुप्तता

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या मंदिराची डागडुजी झाली, तींत पापनिवेदनाचें आसन वेदीच्या उजव्या बाजूच्या कमानीखालून काढून दक्षिणेकडील दाराजवळ नेलें. ही गोष्ट कित्येक वृद्ध भाविकांस रुचली नाहीं. ज्या जागीं आमच्या वाडवडिलांनीं गुडघे टेकले ती जागा काय म्हणून सोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे, व तो रास्त आहे. त्याचें उत्तर चार वाक्यांत देतां आलें असतें. परंतु त्यामागें एक जुना व मोठा मनोरंजक इतिहास आहे, म्हणून ह्या स्मरणिकेचीं दोन पानें मीं त्यासाठीं मागून घेतलीं.

सिसिली बेटाच्या दक्षिण किनाऱ्याकडे आग्रिजेंतो नांवाचें शहर आहे. १९२७ पर्यंत त्यास जिर्जेंती म्हणत. नॉर्मन लोकांनीं तें बेट अरबांकडून जिंकल्यावर, अकराव्या शतकाच्या अखेरीस, तेथें एका महामंदिराचा पाया घालण्यांत आला. तेथील बिशप संत जेर्लांदो ह्यांच्या नांवानें तें आज ओळखलें जातें. ह्या मंदिराच्या पश्चिमेकडील मोठ्या दारापाशीं कोणी हळूच कुजबुजला, तरी ते शब्द सुमारें २५० फूट दूर, मुख्य वेदीमागील अर्धगोल भिंतीच्या माथ्यावरील पट्टीपाशीं कान देणाऱ्यास स्पष्ट ऐकूं येतात. सुप्रसिद्ध इंग्रज ज्योतिर्विद जॉन हर्शेल ह्यांनीं १८३० च्या सुमारास ध्वनीवर एक विस्तृत निबंध लिहिला, त्यांत ही गोष्ट नमूद करून पुढें एक कथा जोडली आहे. दुर्दैवानें दाराजवळच्या नेमक्या त्याच बिंदूवर पापनिवेदनाचें आसन मांडलें गेलें होतें. वेदीमागची ती जागा कोणाला तरी योगायोगानें सांपडली. मग रिकामटेकडे लोक तेथें जाऊन दुसऱ्याचीं पापें ऐकूं लागले. शेवटीं एका गृहस्थास आपल्याच पत्नीच्या व्यभिचाराची कबुली ऐकावी लागली, तेव्हां सगळा बोभाटा झाला आणि आसन तेथून हलविलें.

ही कथा अक्षरशः खरी असेल असें मला वाटत नाहीं. तींत ना धर्मगुरूचें नांव, ना साल. आणि आपल्या ह्या साक्रामेंताची टिंगल करणाऱ्यांनीं ती मोठ्या आवडीनें पुनःपुन्हा सांगितली आहे. पण कथेचा गाभा टाकून देण्यासारखा नाहीं. तें मंदिर बोलतें हें खरें आहे, आणि आसन कोठें मांडावें हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हे हेंहि खरें आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें असा नियम केला कीं, जो धर्मगुरू पापनिवेदनांत कळलेलें उघड करील, त्यास पदच्युत करून जन्मभर प्रायश्चित्त करण्यासाठीं कडक शिस्तीच्या मठांत ठेवावें. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनीं १५७७ सालीं मंदिरांच्या बांधणीविषयीं सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत पापनिवेदनाच्या आसनाची रचना व मधली जाळी ह्यांचाहि तपशील आहे. परंतु धर्मगुरूचें तोंड नियमानें बंद करतां येतें, भिंतीचें येत नाहीं!

भिंती अशा कां बोलतात, ह्याचा शोध घेणाऱ्यांत आपल्या धर्मसभेचे लोक मागें नव्हते. मिनिम संघाचे फादर मारँ मेर्सेन ह्यांनीं सतराव्या शतकांत ध्वनीचा वेग मोजण्याचे प्रयोग केले. येशूसंघीय फादर अथानासिउस किर्खर ह्यांनीं १६५० सालीं संगीत व ध्वनि ह्यांवर मोठा ग्रंथ छापला, त्यांत सिसिलीमधीलच सिराकूज येथील ‘डायोनिसिअसच्या कानाचें’ वर्णन आहे. ती खडकांत खोदलेली, नागमोडी वळणाची एक उंच गुहा आहे. जुलमी राजा डायोनिसिअस वरच्या छिद्रापाशीं बसून खालच्या कैद्यांचें बोलणें ऐके, अशी दंतकथा आहे. किर्खरांनीं तर भिंतींत शंखाकार नळ्या बसवून अंगणांतलें बोलणें खोलींतल्या पुतळ्याच्या तोंडून ऐकूं यावें अशी योजनाहि काढून दाखविली! असली योजना कोणत्याहि धर्मगुरुनिवासांत न बसविलेलीच बरी.

खरा उलगडा मात्र पुष्कळ उशिरां झाला. लंडन येथील अँग्लिकन पंथाच्या सेंट पॉल महामंदिराच्या घुमटांत, जमिनीपासून सुमारें १०० फूट उंचीवर, एक गोल सज्जा आहे. भिंतीला तोंड लावून कुजबुजलें असतां तिच्या पलीकडच्या टोंकाला शब्द ऐकूं येतात. राजज्योतिषी एअरी ह्यांचें म्हणणें असें कीं, घुमट आवाज गोळा करून समोरच्या एका बिंदूवर टाकतो, जसें भिंग सूर्यकिरण एकवटतें. लॉर्ड रॅले ह्यांना तें पटलें नाहीं. आवाज फक्त समोरच नव्हे, तर भिंतीलगत कोठेंहि चांगला ऐकूं येतो, हें त्यांनीं हेरलें. १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं सांगितलें कीं, आवाज बांकदार भिंतीवर लहान लहान टप्प्यांनीं आपटत, तिला बिलगूनच पुढें सरकतो. मोकळ्यावर आवाज चोहोंकडे पसरून लवकर विरतो. येथें तो एका पातळ पट्ट्यांत कोंडलेला राहतो, म्हणून दूरवर पोहोंचतो. पुढें त्यांनीं वाकविलेल्या जस्ताच्या पत्र्याच्या एका टोंकाशीं बारीक शिटी व दुसऱ्या टोंकाशीं आवाजानें थरथरणारी ज्योत ठेवून हें दाखविलें. पत्र्याला लागून एक अरुंद पट्टी आडवी धरतांच ज्योत शांत होई. कुजबुजण्यांत बारीक, उंच स्वर अधिक असतात, व असे स्वर भिंतीला अधिक चिकटून जातात. म्हणजे मनुष्य जितक्या हळू, नुसत्या श्वासानें बोलेल, तितकी ही भिंत त्याची अधिक चहाडी करणार!

ह्या विषयांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन १९२१ सालीं विलायतेस गेले, तेव्हां त्यांनीं सदरलंड ह्यांजबरोबर सेंट पॉलच्या सज्जांत प्रयोग केले. भिंतीपासून आंत येतांना आवाज सारखा कमी होत न जातां कमी-अधिक होत जातो, असें त्यांस आढळलें. परत आल्यावर त्यांनीं हिंदुस्थानांतील अशा इमारती तपासल्या. त्यांत विजापूरचा गोल घुमट होता. १६५६ सालीं वारलेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट. शहाजीराजांनीं ज्याची चाकरी केली तोच हा बादशहा. विजापूर आज कर्नाटकांत असलें, तरी १९५६ पर्यंत तें मुंबई इलाख्यांत व मग मुंबई राज्यांत होतें, आणि आपल्यांतील पुष्कळांनीं तेथें जाऊन भिंतीशीं कान लाविला असेल.

आतां आपल्या मंदिराकडे येतों. आपल्या वेदीमागील भिंत अर्धवर्तुळाकार व गुळगुळीत गिलाव्याची आहे. तिच्या एका टोंकाशीं पापनिवेदनाचें जुनें आसन होतें. दुसऱ्या टोंकाशीं वेदीसेवक मुलें रांगेनें थांबतात आणि भगिनी फुलें लावतात. गिलावा चालू असतांना एका संध्याकाळीं मीं सुतारास आसनाच्या जागीं भिंतीकडे तोंड करून बसविलें व हळूच कांहींहि पुटपुटण्यास सांगितलें. मी दुसऱ्या टोंकाशीं गेलों. त्यानें आपल्या राहिलेल्या मजुरीचा हिशेब पुटपुटला. मला आकडा न् आकडा ऐकूं आला. मध्यें पहिल्या बांकावर बसलेल्या गवंड्यास कांहींच कळलें नाहीं. त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं. पन्नास वर्षें लोक तेथें विश्वासानें बोलत आले होते, आणि त्यांत मीं स्वतः ऐकलेलीं पापनिवेदनेंहि होतीं.

म्हणून आसन हलविलें. नव्या जागेमागें सरळ भिंत, बाजूला लांकडी दार व जाड पडदा आहे. तेथूनहि आम्हीं तसाच प्रयोग केला, व कोठेंहि कांहीं ऐकूं आलें नाहीं. ज्यांनीं लहानपणीं त्या भिंतीशीं उभें राहून कांहीं ऐकलें असेल, त्यांच्यासाठीं एवढें लिहितों कीं, १९८३ च्या धर्मविधिसंहितेंतील ९८३ वें कलम केवळ धर्मगुरूपुरतें नाहीं. पापनिवेदनांतील गोष्ट ज्यास कोणत्याहि प्रकारें कळली, त्या प्रत्येकावर ती गुप्त ठेवण्याचें बंधन आहे. मग तो त्या वेळीं आठ वर्षांचा वेदीसेवक कां असेना. कोणाच्या मनाला तें टोंचत असेल, तर त्यानें माझ्याकडे यावें. दक्षिणेकडील दाराजवळ मी दर शनिवारीं संध्याकाळीं बसलेला असतों.

सुतारास त्याची मजुरी दुसऱ्याच दिवशीं चुकती केली.