व्याजस्तुती आणि नावडत्या जोड्या

संस्कृत साहित्यशास्त्रात व्याजस्तुती नावाचा एक अलंकार आहे. वरवर निंदा आणि पर्यवसान स्तुतीत, किंवा वरवर स्तुती आणि पर्यवसान निंदेत, अशी त्याची दोन्ही रूपे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या दहाव्या उल्लासात स्वीकारली आहेत. यांपैकी दुसरे रूप आज एका अनपेक्षित ठिकाणी विपुल आढळते. प्रसिद्ध कादंबऱ्या, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका यांतील पात्रे घेऊन त्यांचे चाहते स्वतःच्या कथा लिहितात. या 'फॅन फिक्शन'मध्ये कोणाचे प्रेम कोणाशी जुळवायचे हा कळीचा प्रश्न असतो. बहुसंख्यांना न रुचणारी जोडी एखाद्या लेखिकेने रंगवली, की ठरावीक धर्तीचा अभिप्राय येतो : जोडी मुळीच पटत नाही, पण लेखन चांगले आहे, किंवा, तुमच्यामुळे ही जोडीही सुसह्य झाली. हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. संहितेत काय शक्य आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्याच्या मुळाशी आहे, आणि तो इंग्रजी कादंबरीच्या आरंभकाळाइतका जुना आहे.

सॅम्युएल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' १७४७-४८ मध्ये खंडशः प्रसिद्ध होत होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच 'बेलफोर' या टोपणनावाने एका वाचक स्त्रीची पत्रे त्याला येऊ लागली. क्लॅरिसाला मरू देऊ नये, लव्हलेसला सुधारावे आणि दोघांचा विवाह घडवावा, अशी तिची विनवणी होती. ही स्त्री म्हणजे लेडी ब्रॅडशे. रिचर्डसनने तिचे ऐकले नाही. पण त्याने तिला वेड्यातही काढले नाही. त्याने सविस्तर उत्तरे दिली, आणि हा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. तिची बहीण लेडी एक्लिन हिने तर कादंबरीचा वेगळा शेवटच लिहून काढला व त्यातून बलात्काराचा प्रसंग वगळला. लव्हलेसवर वाचकांचा जीव जडतो आहे हे पाहून रिचर्डसनने १७४९ आणि १७५१ च्या आवृत्त्यांत टिपा व मजकूर वाढवून त्याचे दुष्टत्व अधिक ठळक केले. नावडत्या जोडीचा प्रतिवाद करण्यासाठी लेखकाला स्वतःची संहिता पुन्हा लिहावी लागली, ही घटना अर्थपूर्ण आहे. त्या जोडीच्या शक्यतेला संहितेत काही आधार होता, याचीच ती अप्रत्यक्ष कबुली होती.

लुइझा मे ऑल्कॉटच्या 'लिटल विमेन'बाबत चित्र नेमके उलटे झाले. पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि जो व लॉरी यांचे लग्न लावावे म्हणून मुलींची पत्रे येऊ लागली. कोणाच्या समाधानासाठी आपण तसे करणार नाही, असे ऑल्कॉटने रोजनिशीत नोंदवले. जोने अविवाहित लेखिका राहावे अशी तिची इच्छा होती. पण विवाहाच्या आग्रहामुळे तिने काहीशा हट्टाने दुसऱ्या भागात, १८६९ मध्ये, जोची गाठ प्रौढ प्राध्यापक भेअरशी घातली. येथे लोकप्रिय जोडी वाचकांची आणि अप्रिय जोडी खुद्द लेखिकेची आहे. भेअर तसा सज्जन आहे, ही सवलतीची भाषा या कादंबरीविषयीच्या बोलण्यात रूढ झाली. ग्रेटा गर्विगच्या २०१९ च्या चित्रपटात तर हा विवाह प्रकाशकाशी झालेल्या सौद्याचे फलित म्हणून समोर येतो. अप्रियता ही जोडीच्या प्रमाणभूत असण्या-नसण्यावर अवलंबून नसते, हे यावरून दिसते.

विसाव्या शतकात वाचकांच्या या इच्छांना स्वतःची नियतकालिके मिळाली. 'स्टार ट्रेक' मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये 'स्पॉकनेलिया' हे चाहत्यांचे अंक निघू लागले. कर्क व स्पॉक या दोन पुरुषांमधील प्रणय सूचित करणारी कथा १९७४ मध्ये अशाच एका अंकात छापली गेली, तेव्हा तिच्यात पात्रांची नावे घेण्याचेही टाळले होते. या मौनातून पुढील वादाची तीव्रता कळते. त्याआधी, १९७३ मध्ये, चाहत्यांच्याच एका विडंबनकथेतून 'मेरी सू' हे नाव रूढ झाले होते. सर्वगुणसंपन्न अशी नवी नायिका कथेत आणून सर्वांना तिच्यावर लुब्ध करणाऱ्या लेखनाची ती थट्टा होती. पुढे ती नवोदित लेखिकांविरुद्धची तयार शिवी झाली.

जुलै २००५ मध्ये 'हॅरी पॉटर'चा सहावा भाग आला. त्यानंतरच्या एका मुलाखतीत, हॅरी व हर्मायनी यांची जोडी जुळेल असे मानणारे वाचक भ्रमिष्ट आहेत, असे मुलाखतकारांपैकी एकाने म्हटले. हा मुलाखतकारही चाहताच होता. रोलिंगने तो शब्द आपण वापरणार नाही असे सांगितले आणि ते अजूनही आपले मोलाचे वाचक आहेत, अशी हसत पुस्ती जोडली. येथे व्याजस्तुती पूर्णत्वास गेली आहे : वाचकांचे मोल मान्य, वाचन अमान्य. पुढे २०१४ मध्ये रोलिंगनेच सांगितले की रॉन व हर्मायनी यांना एकत्र आणण्यामागे आपली इच्छापूर्ती होती आणि तिचा साहित्याशी फारसा संबंध नव्हता. म्हणजे ज्या दोषाबद्दल वाचकांना हसले गेले, तो प्रमाणभूत जोडीच्याही मुळाशी होता.

या इतिहासावरून काय दिसते? जोडी ही केवळ लेखिकेची लहर नसते. दोन पात्रांमध्ये मूळ संहितेने न उच्चारलेले काही आहे, असा तो अन्वयार्थ असतो आणि कथा हा त्याचा पुरावा असतो. 'जोडी नको, पण लेखन छान' असे म्हणणारा वाचक आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत करतो. ज्या युक्तिवादासाठी कौशल्य खर्ची पडले, त्याला उत्तर न देता तो कौशल्याला गुण देतो. शिवाय काव्यातील व्याजस्तुतीत वक्त्याला आपला हेतू ठाऊक असतो; येथे अभिप्राय देणारा मनापासून स्तुतीच करत असल्याची खात्री बाळगतो. म्हणून तिला प्रत्युत्तर देणे कठीण होते. आभार मानले तर न्यूनत्व मान्य होते. आक्षेप घेतला तर कृतघ्नपणा ठरतो. २००९ मध्ये वाचकांसाठी खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहात कथेच्या आरंभीच जोडीचा निर्देश असतो. तेव्हा वाचक फसून आला असेही सहसा म्हणता येत नाही. या लेखनाला मानधन नाही. अभिप्राय हेच त्याचे मोल. ते अशा खोट्या नाण्यात चुकते झाले, तर विरळ जोडीची लेखिका एक तर लिहिणे थांबवते, किंवा बहुमताच्या जोडीकडे वळते.

वाचकाला नावड असू नये असा याचा अर्थ नव्हे. ही जोडी संहितेत कोठे अडते, कोणत्या प्रसंगाने ती अशक्य ठरते, हे त्याने अवश्य सांगावे. तो विरोध असेल, पण ती समीक्षा असेल. रिचर्डसनने लेडी ब्रॅडशेला नकार दिला, तोही तिचे म्हणणे पानोपानी खोडून. तिला हवा असलेला विवाह झाला नाही. परंतु तिच्यासारख्या वाचकांच्या आग्रहाची खूण 'क्लॅरिसा'च्या पुढील आवृत्त्यांवर कायमची राहिली.