पांढरी, काळी आणि आमचा पडका गोठा

या आठवड्यात ऊस, द्राक्ष, फवारणी काही नाही. परवाच्या पावसात मळ्यातल्या जुन्या गोठ्याची मागची भिंत बसली. दगड-मातीची भिंत, आबांच्या हातची. जनावरं बाहेर होती म्हणून वाचली. आता गोठा पाडून नवीन बांधायचा म्हटल्यावर धाकटा म्हणाला, "आपल्या रानात आपला गोठा, परवानगी कसली?" मलाही तसंच वाटत होतं. म्हणून जरा मुळापासून बघितलं. ते लिहून ठेवतो.

आपल्याकडं जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरं, देऊळ, चावडी. काळी म्हणजे रान. माणसानं राहायचं पांढरीत आणि पिकवायचं काळीत. रानात असायची ती खोप, माळा, फार तर जनावरांचा आडोसा. गावाला कूस होती, रात्री सगळे आत.

मग माणसं रानात राहायला का गेली? एक कारण प्लेग. १८९६ ला मुंबईत आला आणि थोड्याच दिवसांत सातारा जिल्ह्यात, कराडकडं पसरला. साथ आली की गाव ओस पडायचं, लोक रानात झोपड्या घालून राहायचे. साथ गेली की बरेच परत यायचे, काही तिथंच रमले. दुसरं कारण पाणी. विहिरीवर मोट होती तोवर दिवसाचं काम. पुढं इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. रात्रीचं पाणी धरायचं तर माणूस विहिरीपाशीच पाहिजे. तिसरं कारण घरातली वाढती माणसं. गावातलं घर तीन भावांत वाटलं की एकेकाला एक खण. मग गोठ्याशेजारी खोली, खोलीला पडवी, अशी वस्ती झाली. आज कृष्णा-वारणेच्या काठानं बघा, गावापेक्षा मळ्यात माणूस जास्त.

आता कायदा. १८४८ ला सातारचं राज्य खालसा झालं, मोजणी झाली, सारा बांधला. सांगली, मिरज, जत, औंध इथं मात्र १९४८ पर्यंत संस्थानं होती, तिथला कारभार वेगळा. इंग्रजी मुलखाला लागू झाला तो १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा. त्याच्या ६५ व्या कलमात सरळ होतं, की खातेदारानं शेतीसाठी रानात इमारत बांधावी, विहीर, तळं करावं, सुधारणा कराव्यात, तो त्याचा हक्क आहे. शेतीशिवाय दुसरा वापर करायचा असेल तरच कलेक्टरची परवानगी. म्हणजे आबांनी गोठा बांधला तेव्हा कुणाला विचारायची गरजच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिच्या ४१ व्या कलमात तोच जुना हक्क ठेवला. शेतातली इमारत कशाला म्हणायचं तेही सांगितलं. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायची जागा, जनावरांचा निवारा, खातेदाराच्या घरच्या माणसांची, गड्यांची किंवा कुळाची राहायची जागा.

संहिता लागू होऊन चार महिने झाले नाहीत तोवर ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप. पाटण भागात दगड-मातीची घरं कोसळली, माणसं झोपेतच गेली. आमचा गोठा तेव्हाच पहिल्यांदा फाटला होता. अण्णा सांगायचे, दुसऱ्याच आठवड्यात आबांनी तेच दगड, तीच माती घेऊन भिंत परत उभी केली. कागद नाही, अर्ज नाही.

बदल झाला १९८६ ला. शहरं वाढली, शेतघराच्या नावावर बंगले व्हायला लागले. म्हणून ४१ व्या कलमात दुरुस्ती केली. महापालिका, नगरपालिका, त्यांच्या भोवतीचा ठरावीक पट्टा आणि प्रादेशिक योजनेत आलेली रानं, इथं शेतातली इमारत बांधायला परवानगी पाहिजे. नुसती नवीन नव्हे. जुनी परत बांधणं, बदलणं, वाढवणं, सगळ्याला. धाकट्याचं आणि माझं इथंच चुकत होतं. आमचा गट प्रादेशिक योजनेत येतो.

आकडे नीट वाचा. रान ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर अर्ज नामंजूर. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटर. ०.६ च्या वर असेल तर रानाचा चाळिसावा भाग किंवा ४०० चौरस मीटर, यातलं कमी ते. त्यातली राहायची जागा १५० च्या आत. फक्त तळमजला, जोत्यापासून उंची ५ मीटर.

आता आमचा हिशेब. तो गट पावणेदोन एकर, म्हणजे ७० गुंठे. हेक्टरमध्ये साधारण ०.७१. चाळिसावा भाग धरला तर १७७ चौरस मीटर, साधारण १९०० चौरस फूट. गोठा, वैरण, अवजारं, वर बेदाण्याचे बॉक्स ठेवायला जागा, सगळं बसतं. पण धाकट्याला दिवाळीपर्यंत वाटप करून सातबारा वेगळा पाहिजे. वाटलं की प्रत्येकी ३५ गुंठे, ०.३५ हेक्टर. मग १९०० चे निम्मे साडेनऊशे फूटसुद्धा नाहीत. दोघांनाही शून्य. वाटपात रान निम्मं होतं, पण बांधायचा हक्क निम्मा होत नाही, तो संपतो.

हे ऐकून धाकटा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आबांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याला विचारून बी मिळणार न्हाय."

त्याचा राग खोटा नाही. बंगलेवाल्यासाठी केलेला नियम अल्पभूधारकालाच जास्त लागतो. दुसरीकडं बघा, २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होते, घरांना प्रॉपर्टी कार्ड मिळतं, पण ती मोजणी गावठाणाची. पांढरीतल्या पडक्या घराला कार्ड, आणि काळीतल्या वस्तीवर तीन पिढ्या राहिलेला माणूस तसाच.

पण नियम नकोच असंही मी म्हणणार नाही. हायवेच्या कडंला गोठ्याचं हॉटेल झालेलं आपण बघतोच. गोठ्याचा असा धंद्यासाठी वापर करायचा तर तो शेतीचा वापर राहत नाही. त्याला बिनशेतीचे नियम लागतात, ते मोडले तर दंड.

आम्ही काय केलं? आधी सातबारा, गटाचा नकाशा काढला. गोठा आपल्याच गटात आहे का ते तपासलं, कारण एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले तेव्हा बऱ्याच जणांची विहीर, गोठा दुसऱ्याच्या गटात दिसायला लागला. एका कार्यालयातून अर्ज दोनदा परत आला, एकदा नकाशावर दिशा नाही म्हणून, एकदा सहहिस्सेदाराची सही नाही म्हणून. दुसऱ्या वेळी धाकट्यानं सही केली. वाटपाचा कागद परवानगी हातात आल्यावर करायचा असं दोघांत ठरलंय.

तुमच्याकडं वाटप व्हायचं असेल तर आधी बांधकामाचा विचार करा, मग रान वाटा. नियम बदलत असतात, तेव्हा आपल्या गटाला काय लागू आहे ते तलाठी आणि तहसील कार्यालयात विचारूनच पाऊल टाका.

आबांचे दगड बाजूला रचून ठेवलेत. नव्या जोत्यात तेच घालायचे.