मुखपृष्ठावरील मुख

आमच्या परिचयाच्या एका घरातील कन्या महाविद्यालयात माध्यमांचा अभ्यास करते. तिच्या अध्यापकांनी वर्गास एक काम दिले: एका काल्पनिक चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ तयार करून आणावे, आणि ते तसेच का केले ह्याचे दोन पानी समर्थन सोबत जोडावे. मुलगी हुशार, संगणकावर तिने एका संध्याकाळीच मुखपृष्ठ सिद्ध केले. वर मासिकाचे ठसठशीत नाव, मध्ये एका मैत्रिणीचे छायाचित्र, आणि दोन्ही अंगांस आतील मजकुराची आमिषे. समर्थनाची दोन पाने मात्र काही केल्या भरेनात. "चेहराच का, आणि नाव वरच का, असे विचारले तर काय लिहू? सगळे असेच करतात, एवढेच मला ठाऊक आहे," असे ती आम्हांस म्हणाली.

'सगळे असेच करतात' हे शब्द कानी पडले की इतिहासाची गोडी असणाऱ्याने सावध व्हावे. जे आज सगळे करतात ते केव्हा तरी कोणी प्रथम केलेले असते, आणि बहुधा कसल्या तरी अडचणीतून वाट काढताना केलेले असते. नाव वर का, ह्याचे उत्तर सोपे आहे. रेल्वे-स्थानकावरील विक्रेत्याच्या फळीवर मासिके एकावर एक, थोडी थोडी सरकवून मांडलेली असतात. गिऱ्हाइकाच्या नजरेस पडते ती वरची पट्टी. चेहरा का, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र एवढे सोपे नाही. त्यासाठी आपणांस १९१३ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी ३ मे रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यातील तारामती होते अण्णा साळुंके. कॅमेऱ्यापुढे उभी राहील अशी स्त्री फाळक्यांस मिळाली नाही, म्हणून पुरुषास लुगडे नेसावे लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' ह्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनी ती वाट मोकळी केली खरी, परंतु प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांची दारे त्यानंतरही बराच काळ बंदच राहिली. पुढे १९३२ साली 'प्रभात' कंपनीने हीच कथा 'अयोध्येचा राजा' ह्या नावाने बोलपटात आणली, तेव्हा तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. मुंबईच्या सुशिक्षित, सुखवस्तू घरातील ही स्त्री. दोन तारामतींमधील अंतर अवघे एकोणीस वर्षांचे. परंतु समाजाच्या मनाने तेवढ्या काळात जो पल्ला गाठला तो लहानसहान नव्हे. चित्रपट-मासिकाच्या मुखपृष्ठावरील चेहरा हा त्या प्रवासाचा पुढचा मुक्काम होय.

मुद्रणाची बाजूही येथे ध्यानात घेतली पाहिजे. फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व मुद्रण ह्या विद्यांत मुरलेले होते, आणि चित्रांचे ठसे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय होता. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नावानेच पेंटर. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारा हा कलावंत 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभारतो, आणि १९२० च्या 'सैरंध्री'साठी भिंतीवर लावावयाची जाहिरात-चित्रेही स्वतःच रंगवितो. त्यांनी १९२४ च्या 'कल्याण खजिना'साठी केलेले चित्र आपल्याकडील जतन झालेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-जाहिरातींत गणले जाते. सारांश, आपल्या चित्रपटाने पहिली पावले टाकली ती कुंचल्याचे बोट धरून. मुखपृष्ठ हे त्याच घराण्याचे अपत्य.

परदेशी काय चालले होते, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत आरंभी काही चित्रपट-कंपन्या नटनट्यांची नावे जाहीर करीतच नसत. नाव झाले की वेतन वाढवून मागतील, ही धास्ती. १९११ साली तेथे 'मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन' आणि 'फोटोप्ले' ही मासिके निघाली. आरंभी त्यांचा भर चित्रपटांच्या कथा छापण्यावर होता. परंतु वाचकांस ओढ होती ती पडद्यावर पाहिलेल्या माणसांची. ही ओढ ओळखून मासिकांनी कथेपेक्षा चेहऱ्यास अधिक मान दिला. 'फोटोप्ले'च्या मुखपृष्ठांवर रॉल्फ आर्मस्ट्राँग, अर्ल ख्रिस्टी ह्यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगविलेल्या नट्या झळकू लागल्या. तेव्हा चेहरा मध्यभागी आला तो शोभेसाठी नव्हे, वाचकाच्या मागणीमुळे. आणि ज्या नटाचे नाव दडविले जात होते त्याचेच मुख पुढे दुकानाची पाटी बनले.

आपल्याकडे ह्या प्रकारास खरी झळाळी आली ती १९३५ साली मुंबईत बाबूराव पटेल ह्यांनी सुरू केलेल्या 'फिल्मइंडिया' मासिकाने. मासिक इंग्रजी, परंतु त्याच्या मुखपृष्ठांचा लौकिक इंग्रजी न वाचणाऱ्या घरांतही होता. त्यांपैकी पुष्कळ मुखपृष्ठे एस. एम. पंडित ह्या चित्रकाराने केली. पंडित हे मूळचे गुलबर्ग्याचे, जन्म १९१६ सालचा; मुंबईत येऊन त्यांनी चित्रपटांच्या जाहिरात-चित्रांत नाव मिळविले. पुढे पौराणिक चित्रांसाठी आणि दिनदर्शिकांसाठी त्यांची कीर्ती झाली. १९९३ साली ते निवर्तले.

ह्या मुखपृष्ठांविषयी एक गोष्ट आजच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. त्या काळचे चित्रपट काळे-पांढरे होते. हिंदुस्थानात तयार झालेला पहिला रंगीत बोलपट 'किसान कन्या' १९३७ चा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे रंग ही चैनच राहिली. चित्रकारासमोर येत असे ते नटीचे काळे-पांढरे छायाचित्र. तिच्या साडीचा डाळिंबी रंग, गालांवरची लाली, पाठीमागील आकाशाची निळाई, हे सारे चित्रकाराने पदरचे घातलेले. प्रेक्षकाने पडद्यावर जिला केवळ छायाप्रकाशात पाहिले होते, तिला रंगांत पाहण्याची जागा म्हणजे भिंतीवरील जाहिरात आणि मासिकाचे मुखपृष्ठ. आम्हांस वाटते, त्या चित्रांच्या मोहिनीचे अर्धे रहस्य येथे आहे.

मग हे रंग कागदावर उतरत कसे? मूळ चित्राची रंगीत काचांतून वेगवेगळी छायाचित्रे घेत. बारीक रेघांच्या जाळीतून ती ठिपक्यांत फोडीत. धातूच्या पत्र्यावर उमटवून तेजाबाने कोरीत. पिवळा, तांबडा, निळा आणि बहुधा काळा, असा प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. तोच कागद प्रत्येक ठशाखालून एकेकदा जावयाचा. एखादा ठसा केसभर सरकला तरी ओठांची लाली हनुवटीवर यावयाची! अशा यातायातीने तयार होणारे पान अंकात बहुधा एकच, बाहेरचे. आतील पाने साध्या शाईची. म्हणूनच सारी हौस, सारा खर्च आणि सारे कौशल्य त्या एका पानावर एकवटे.

आता ह्या चित्रांवरील आक्षेपांचाही विचार केला पाहिजे, कारण ते खोटे नाहीत. चित्रकार चेहऱ्याची खुशामत करी. सावळा वर्ण उजळ होई, वयाची वर्षे पुसली जात. पुष्कळदा चित्राखाली आगामी चित्रपटाचे नाव असे, म्हणजे मुखपृष्ठ ही एक प्रकारची जाहिरातच झाली. मौज अशी की बाहेर नटीची आरती चाललेली असताना आत बाबूराव पटेलांची लेखणी चित्रपटांची साले काढीत असे. ह्या विसंगतीस कोणी ढोंग म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. बाहेरचे पान गिऱ्हाइकास बोलावीत होते आणि आतील पाने वाचकाशी भांडत होती. मासिक चालावयाचे तर दोन्ही हवे होते. मात्र उजळ रंगाच्या त्या खुशामतीने आपल्या सौंदर्यकल्पनेस जे वळण लावले, त्याचा हिशोब अद्याप पुरता झालेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु जमेची बाजूही तितकीच खरी. असे मासिक बैठकीच्या मेजावर उघड पडलेले असावे की त्यास वर्तमानपत्राचे वेष्टण घालून ठेवावे, ह्यावर आमच्या घरी आजोबांच्या काळी वाद होत असे, हे आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. आजोबा वेष्टण घालीत. आजी ते काढून ठेवी. वाद कागदाचा नव्हता. परस्त्रीचा चेहरा, तिच्या नावासह, संकोचावाचून आपल्या घरात असावा की नसावा, हा त्याचा खरा विषय होता. तो मिटला कसा, हे कोणी नोंदवून ठेवले नाही. एवढे खरे की पुढे दिवाळी अंकांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ह्यांनी रंगविलेल्या स्त्रिया मराठी घरांत आल्या, तेव्हा वेष्टणाची भाषा कोणी केली नाही. दलालांचा 'दीपावली' १९४५ साली निघाला, आणि त्याची मुखपृष्ठे लोकांनी कापून भिंतीवर लावली.

त्यानंतर कुंचला हळूहळू मागे सरला. १९५२ साली निघालेल्या 'फिल्मफेअर'च्या पहिल्या अंकावर कामिनी कौशल होत्या. छायाचित्राची सद्दी सुरू झाली होती. १९७१ साली 'स्टारडस्ट' आले, त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर राजेश खन्ना. आणि आता चेहऱ्याच्या जोडीस खमंग मथळ्यांनी पान भरू लागले. आमच्या कन्येने दोन्ही अंगांस जी आमिषे मांडली होती त्यांची वंशावळ अशी आहे.

हे सारे तिला दाखवावे म्हणून आम्ही एका जुन्या ग्रंथालयात गेलो. चित्रपट-मासिकांचे बांधीव खंड कपाटात होते. सोनेरी अक्षरांत वर्षे घातलेली. पहिला उघडला. मुखपृष्ठ नाही. दुसरा, तिसरा, तोच प्रकार. बांधणाऱ्याने रिवाजाप्रमाणे प्रत्येक अंकाचे बाहेरचे पान आणि जाहिराती काढून टाकून 'मजकूर' तेवढा शिवला होता. त्यात त्याचा दोष नाही. वाचावयाचे ते आत असते, ही समजूत त्याची एकट्याची नव्हती. वर्षाचे बारा, असे कित्येक चेहरे, कित्येक रंग आणि त्यांच्या कोपऱ्यातील चित्रकाराची सही, हे सारे त्या एका समजुतीपायी रद्दीत गेले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, खाजगी संग्राहकांनीही बरेच वाचविले, आणि 'फिल्मइंडिया'चे कित्येक अंक आता संगणकावर मुखपृष्ठांसह पाहावयास मिळतात. म्हणून आज हे लिहिता तरी येत आहे.

कन्येने तेच अंक घरी पडद्यावर पाहिले. एका मुखपृष्ठावरील पंडितांची सही तिने मोठी करून बराच वेळ न्याहाळली, आणि मग आम्हांस विचारले, "माझ्या मुखपृष्ठावर मी कुठेच नाही, हे बरोबर आहे का?" आम्ही उत्तर दिले नाही. पुढे तिने आपले काम पाठविले ते पाहिले. मैत्रिणीच्या चेहऱ्यावरील, यंत्राने गुळगुळीत केलेला वर्ण तिने पूर्ववत सावळा केला होता. चार मथळ्यांपैकी दोन काढून टाकले होते. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचे नाव घातले होते. समर्थन दोन पानांवरून पाच पानांवर गेले होते. अध्यापकांनी गुण किती दिले, हे विचारावयाचे आम्ही विसरलो.