हात भरून येतो

उजवा हात वर करा. सरळ, दंड कानाला टेकेल इतका वर. आता काही वेळ तो खाली घ्यायचा नाही.

साल 1955, मे महिना. वॉशिंग्टनमधल्या डब्ल्यूआरसी वाहिनीच्या स्टुडिओत तुम्ही उभे आहात. दिव्यांच्या उष्णतेने मान घामेजली आहे. शेजारी अठरा वर्षांचा उंच, शिडशिडीत मुलगा. बोलतो कमी, तेही हळू आवाजात. त्याचं नाव जिम हेन्सन. रोज रात्री पाच मिनिटांचा ‘सॅम अँड फ्रेंड्स’ नावाचा कार्यक्रम त्याच्या हवाली केलेला आहे. विद्यापीठातल्या बाहुल्यांच्या वर्गात भेटलेली जेन नेबेल सोबतीला आहे. पुढे ती त्याची बायको होईल.

तो तुमच्या हातात एक बाहुली चढवतो. आतून कापड मऊ लागतं, धुऊन धुऊन विरलेल्या कपड्यासारखं. लागणारच, कारण आईने टाकून दिलेल्या निळसर-हिरव्या कोटातून ते कापलेलं आहे. डोळे म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे. आत तोंडापुरता पुठ्ठ्याचा एक तुकडा, बाकी लाकूड नाही, काहीच नाही. उरतो तो फक्त तुमचा पंजा. तुम्ही बोटं जराशी आवळलीत की त्याचा चेहरा आंबट होतो. मनगट कलवलंत की तो विचारात पडतो. हा कर्मिट. अजून बेडूक झालेला नाही. अमुक प्राणी म्हणावा असं त्याचं काही ठरलेलंच नाही.

“चार बोटं वर, अंगठा खाली,” जिम सांगतो. “बोलताना अंगठाच हलवायचा. बोटं उचललीत तर डोकं मागे पडतं, आणि मग तो कुणाकडे बघतोय तेच कळत नाही.”

समोर जमिनीवर एक टीव्ही ठेवलाय. कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्यात दिसतं. तुम्ही हात उजवीकडे नेता आणि चित्रातला कर्मिट डावीकडे सरकतो. डोकं गरगरतं. आरशाची सवय मोडायला तुम्हाला वेळ लागणार आहे. पण या उलट्या चित्रातच जिमचा शोध आहे. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात तेव्हा एक छोटा रंगमंच असतो आणि त्याच्या पडद्याआड सूत्रधार असतो. जिमने रंगमंच काढूनच टाकला. टीव्हीची चौकट हाच त्याचा रंगमंच. तिच्या खालच्या कडेच्या खाली माणूस, वरच्या भागात जीव. बाहुली कॅमेऱ्याच्या इतकी जवळ येऊ शकते की तिचा नुसता श्वास घेणंसुद्धा अभिनय ठरतो.

हात दुखायला लागला ना? लागू दे. पुढे चला.

1976. लंडनजवळचं एल्सट्री. अमेरिकी वाहिन्यांनी नाकारलेला ‘द मपेट शो’ लू ग्रेड नावाच्या ब्रिटिश निर्मात्याने उचलून धरलाय. पाच वर्षांत 120 भाग होतील आणि शंभरावर देशांत दिसतील. इथे सगळे सेट जमिनीपासून उंच बांधलेत, म्हणजे खाली माणसांना ताठ उभं राहता येईल. वरून पाहिलं तर नाटक कंपनीचा नुसता गोंधळ. खालून पाहिलं तर दाटीवाटीने उभे राहिलेले, हात वर केलेले, माना टीव्हीकडे वळवलेले बाप्ये आणि बाया. फ्रँक ऑझच्या हातावर मिस पिगी आहे. जिमच्या हातावर कर्मिट. तालमीत दोघं बाहुल्यांमधूनच भांडतात, आणि पाहुणा कलाकार आपसूक बाहुल्यांच्या डोळ्यांत बघून बोलतो. खालच्या माणसाकडे बघायचं त्याला सुचतच नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे सगळं यावरच उभं आहे.

आणखी दोन वर्षं. आता तुम्हाला पाण्यात उतरायचंय. ‘द मपेट मूव्ही’चं चित्रीकरण चालू आहे, सिनेमा 1979 मध्ये लागेल. दलदलीत एक ओंडका, ओंडक्यावर बँजो घेतलेला कर्मिट. प्रेक्षकांना सकाळचं ऊन दिसेल, शेवाळलेलं पाणी दिसेल आणि गाणारा बेडूक दिसेल. तुम्हाला मात्र अंधार दिसतोय. ओंडक्याखाली पाण्यात बुडवलेल्या लोखंडी पिंपात तुम्ही जिमबरोबर गुडघे पोटाशी घेऊन बसला आहात. हवेसाठी एक नळी. मांडीशी एक छोटा टीव्ही. वरच्या रबरी बाहीतून हात बाहेर, पाण्याच्याही वर. लोखंड गार आहे. पाठ वळवायला जागा नाही. तासन्‌तास असंच. जिम कुरकुरत नाही. त्याला एकच काळजी: कर्मिट आभाळाकडे बघतोय असं वाटतंय ना? नुसती मान वर केलेली नको, बघायला हवा.

पॉल विल्यम्स आणि केनी अॅशर यांनी रचलेलं ते इंद्रधनुष्याचं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचेल. ऑस्कर मिळणार नाही. तेही लक्षात असू द्या.

आता जिथे जायचंय तिथे जायला माझे पाय ओढतात, पण ते टाळून हा प्रवास पुरा होत नाही.

21 मे 1990. न्यूयॉर्कमधलं सेंट जॉन द डिव्हाइन हे प्रचंड चर्च. पाच दिवसांपूर्वी, 16 मे रोजी, जिम गेलाय. वय 53. घशाच्या साध्या दुखण्यासारखं वाटणारं काहीतरी, आणि बघता बघता जंतुसंसर्गाने सगळं शरीर ताब्यात घेतलं. तुम्ही काळे कपडे घातले असतील तर बदलून या. कुणीही काळं घालायचं नाही, बँड वाजला पाहिजे, असं तो लिहून ठेवून गेलाय. दारात तुमच्या हातात बारीक काठीला लावलेलं स्पंजचं रंगीत फुलपाखरू देतात. आत हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक फुलपाखरू थरथरतंय. बाहुली चालवणं म्हणजे काय हे आज त्या साऱ्या गर्दीला हाताने कळलंय.

आठ फुटांचा पिवळा बिग बर्ड सावकाश पुढे येतो. आतला कॅरल स्पिनी कर्मिटचंच जुनं गाणं गातो. गाणं संपल्यावर बिग बर्ड वर पाहतो आणि कर्मिटचे आभार मानतो. तो जिमचं नाव घेत नाही. अंत्यविधीचे इतके प्रसंग आपण पाहिलेले असतात, पण एका बाहुलीने दुसऱ्या बाहुलीसाठी केलेला हा शोक मला त्या सगळ्यांहून खरा वाटतो. त्यात खोटं पाडता येईल असं काही नाही. मग रिचर्ड हंट हा मपेट कलाकार स्कूटर नावाच्या बाहुलीला हातात घेऊन एकटा गायला लागतो, त्याला आणखी एक आवाज मिळतो, मग आणखी एक. हळूहळू सगळे कलाकार आपापली बाहुली हातावर चढवून उभे. इथे कुणीही लपलेलं नाही. रडणारी माणसं खाली स्पष्ट दिसतात आणि वर त्यांच्याच हातांवर ती हसरी तोंडं. तरी तुमची नजर हातांवरच जाते.

पुढची वीस वर्षं पटापट ओलांडू. कर्मिट स्टीव्ह व्हिटमायरच्या हातावर येतो. 1992 मध्ये डिकन्सच्या कथेवरचा सिनेमा येतो, 1999 चा अंतराळातला सिनेमा तिकीटबारीवर पडतो. जिमची कंपनी एका जर्मन उद्योगाला विकली जाते, हेन्सन कुटुंब ती परत घेतं, आणि 2004 मध्ये मपेट, म्हणजे जिमच्या या बाहुल्या, डिस्नेकडे जातात. मालक बदलत राहतात, बाहुल्या पेटीत पडून राहतात. ज्यांनी लहानपणी त्या पाहिल्या ती मुलं दरम्यान मोठी होतात.

याच काळात, 1993 मध्ये, आपल्याकडे काय चाललंय तेही बघून घ्या. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू हा बाहुला महाराष्ट्रातल्या मुलांची झोप उडवतोय. पाध्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेला अर्धवटराव हा बोलका बाहुला आहे. वडील गेले, मुलगा बोलवता झाला, आणि अर्धवटराव तोच राहिला. हात बदलला तरी जीव टिकतो, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

2008. जेसन सीगल नावाच्या नटाने एक सिनेमा लिहिलाय. त्यातला नायक ड्रॅक्युलावर बाहुल्यांचं संगीत नाटक रचतो, आणि त्या बाहुल्या हेन्सन यांच्या कार्यशाळेने बनवल्यात. हातावरची ती बाहुली बघताना सीगलचं बालपण वर आलं. त्याने आणि निकोलस स्टोलरने डिस्नेकडे जाऊन नव्या सिनेमासाठी मपेट मागितले. दिग्दर्शनाला जेम्स बोबिन, गाण्यांना न्यूझीलंडचा ब्रेट मॅकेन्झी. सगळ्यांना हे काम धंदा म्हणून मिळालं होतं हे खरं, पण ती आधी मपेटांची पोरं होती.

चला, 2010 च्या हिवाळ्यात लॉस एंजलिसला. हात अजून वर आहे ना? सेट पुन्हा उंच बांधलेत. उघड्यावरचं दृश्य असलं की कलाकार चाकांच्या फळीवर उताणे पडतात आणि माणसांच्या पायांमधून सरपटत नेले जातात. अॅमी अॅडम्स नाचतेय, सीगल नाचतोय, आणि त्यांच्या पावलांखाली कुणाचीही बोटं चिरडू नयेत म्हणून पाऊल मोजून पडतंय. संगणकावर बेडूक काढणं 2010 मध्ये सहज शक्य होतं. त्यांनी तो काढला नाही. कापड, स्पंज, सळया आणि आखडलेले खांदे.

पीटर लिंझच्या हातावर एक नवी बाहुली आहे, वॉल्टर. या सिनेमाचं मर्म मला वॉल्टरमध्ये दिसतं. जुनं काही परत आणताना बहुतेक जण जुन्याच पात्रांना नवे कपडे चढवतात. यांनी त्या पात्रांची वाट पाहणाऱ्यालाच पात्र केलं. वॉल्टर बाहुली आहे, त्याचा भाऊ गॅरी माणूस. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करतात, त्यात गॅरी वर वर जातो आणि वॉल्टर आहे तिथेच. एके दिवशी तो ‘द मपेट शो’ची कॅसेट पाहतो आणि त्याला कळतं की आपल्यासारखे आणखी आहेत. इतकंच. तुम्ही लहानपणी टीव्हीसमोर मांडी घालून बसला होतात, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं तेच.

मोठ्या घरात एकटा राहणारा कर्मिट जुन्या सवंगड्यांच्या तसबिरींपुढून चालत जातो, ते दृश्य जवळून बघा. व्हिटमायर खाली आहे. तो कर्मिटला प्रत्येक तसबिरीपाशी क्षणभर रेंगाळू देतो. कापडाच्या त्या तोंडाला पापण्या नाहीत, अश्रू नाहीत. मनगट अर्ध्या बोटाने खाली येतं आणि बेडूक म्हातारा दिसतो.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. ऑझ या सिनेमात नाही. कथा पात्रांशी इमान राखत नाही असं वाटल्याचं त्याने जाहीर सांगितलं. मिस पिगी एरिक जेकबसनच्या हातावर आहे. ऑझचा आक्षेप मला मोलाचा वाटतो. पिगीला तो आतून ओळखत होता, आणि प्रेमाने परत आणणाऱ्यांचंही चुकू शकतं. तरीही सिनेमा पाहताना मी बोबिनच्या बाजूचा होतो, आजही आहे.

23 नोव्हेंबर 2011. अमेरिकेतल्या एका थिएटरच्या अंधारात बसा. आता हात खाली घेतलात तरी चालेल. शेजारी आई-बाप आणि त्यांची लेकरं. जुनं मपेट थिएटर वाचवायला एक कोटी डॉलर हवेत, म्हणून मंडळी टीव्हीवर कार्यक्रम करतात. वॉल्टरपाशी दाखवण्यासारखं एकच आहे, शीळ. ती शीळ खरं तर अँड्रू बर्ड या संगीतकाराची. आणि मग ते हरतात. पैसे जमत नाहीत, थिएटर जातं. मान खाली घालून मंडळी दार उघडतात, तर हॉलिवुड बुलेवार्ड माणसांनी भरलेला. सगळे त्यांच्यासाठीच आलेत. शेजारचा बाप डोळे पुसतो. त्याचा मुलगा त्याच्याकडे बघतो, मग पडद्याकडे.

साडेचार कोटी डॉलरच्या या सिनेमाने जगभरात साडेसोळा कोटींच्या आसपास कमावले. 2014 च्या पुढच्या भागाने त्याच्या निम्मेच. आठवणीवर एकदा हुंडी निघते, दुसऱ्यांदा नवी गोष्टच लागते.

26 फेब्रुवारी 2012 च्या रात्री, मी माणूस की मपेट असं विचारणाऱ्या गाण्यासाठी मॅकेन्झी ऑस्कर घेतो. त्या वर्षी त्या विभागात दोनच गाणी होती. ओंडक्यावरच्या बेडकाला बत्तीस वर्षांपूर्वी जे मिळालं नव्हतं, ते असं फिरून घरात आलं.

जाता जाता पुन्हा सेटवर या, 2010 मध्ये. टीव्हीवरच्या कार्यक्रमातल्या एका गाण्यात तेच इंद्रधनुष्य आहे, आणि ते व्हिटमायरच्या आवाजात आहे. “कट.” खाली सगळे हात एकदम उतरतात. कुणी खांदा चोळतंय, कुणी पाणी पितंय. कर्मिट व्हिटमायरच्या मांडीवर पालथा, नुसतं हिरवं कापड. कुणीतरी जवळ येऊन विचारतं, आणखी एकदा घ्यायचं का? व्हिटमायर तोंड उघडत नाही. आधी हात वर जातो, डोकं सावरतं, ते दोन पांढरे डोळे विचारणाऱ्यावर येऊन ठरतात. मग अंगठा खाली येतो.